लोकसंख्या दोन

आमच्या गावाची लोकसंख्या दोनवर आली, तेव्हाही गावात दोन पक्ष होते. एका पक्षात माझे वडील, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. दुसऱ्या पक्षात आमच्या शेजारचे अण्णा. तिसरा माणूसच नसल्यामुळं कुणाची सरशी झाली हे सांगायला कोणी नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

मी बेळगावात, कॅम्पातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. वस्त्यांचा धडा दरवर्षी येतो. माणसं कुठं वस्ती करतात? पाण्याजवळ, कसदार जमिनीजवळ, रस्ते एकत्र येतात तिथं. वस्ती कशी वसते यावर त्या धड्यात पानंच्या पानं आहेत आणि वस्ती कशी उठते यावर शेवटी एक ओळ. त्या ओळीपाशी आले की माझा तास संपून जातो आणि पोरं घंटेकडं कान लावून बसतात.

निपाणीपासून थोडं आत, वेदगंगा जिथं कोपरात दुमडल्यासारखी वळते, त्या वळणाच्या पोटात आमचं गाव होतं. तीन बाजूंना नदी आणि चौथ्या बाजूला रानातून जाणारी गाडीवाट. पलीकडचा काठ महाराष्ट्रात. घाटाच्या पायरीवर उभं राहिलं की मोबाईल आपला आपण महाराष्ट्रात जायचा आणि पिंपळापर्यंत मागं आलं की गुपचूप कर्नाटकात परत यायचा. त्याला कुणी अडवलं नाही. आमच्याकडं शेताला काळी म्हणतात आणि गावाच्या जागेला पांढरी, कारण पिढ्यान्पिढ्या भिंती बांधून, पाडून, परत बांधून गावाखालची माती पांढरट झालेली असते.

गाव वसलं ते उतारामुळं, असं म्हातारी माणसं सांगायची. उन्हाळ्यात त्या वळणावर नदी गुडघ्याएवढी व्हायची आणि तंबाखूच्या गाड्या तिथून पार व्हायच्या. गाड्या थांबल्या म्हणून चहा झाला, चहा झाला म्हणून दुकान झालं, मग लोहार आला, मग शाळा आली. पुढं पूल झाला, तो आमच्या गावाला वळसा घालून खालच्या अंगाला. गावानं पुलासाठी अर्ज-विनंत्या केल्या होत्या, मोर्चाही काढला होता. पूल मिळाला आणि गाड्या गेल्या. राहिली ती नदी. तीही वर्षा-दोन वर्षांनी घरात यायला लागली. ज्या गाळावर आमचा तंबाखू पोसला, तोच गाळ चुलीत, देव्हाऱ्यात, शाळेच्या बाकांवर बसू लागला. शेवटी सरकारनं माळावर नवं गावठाण मंजूर केलं. माळ म्हणजे मुरूम, कुसळं आणि वारा. पाणी नाही म्हणून जिथं आजवर कोणी राहिलं नव्हतं, तिथं आता पाणी येणार नाही म्हणून राहायला जायचं होतं.

आधी देवाला विचारायचं ठरलं. गुरवानं मूर्तीला फुलं चिकटवून कौल लावला. फूल डावीकडून पडलं. म्हणजे देव नको म्हणाला. पुढच्या सोमवारी परत विचारलं, परत डावं. तेवढ्यात कचेरीतून निरोप आला की नव्या जागेतल्या देवळाचा निधी मार्चच्या आत खर्ची टाकावा लागेल. तिसऱ्या खेपेला फूल उजवीकडून पडलं. देव टेम्पोत बसून माळावर गेला, आणि त्याच्या मागोमाग गाव.

आता आप्पा आणि अण्णांचं काय झालं ते सांगते. त्यासाठी बोळ सांगावा लागेल.

आमच्या घराच्या आणि अण्णांच्या घराच्या मध्ये एक बोळ होता. माणूस आडवा होऊनच आत शिरेल इतका. दोन्ही छपरांचं पाणी त्यात पडायचं आणि मांजरं ये-जा करायची. तो कुणाचा, यावरून दोन घरांत माझ्या जन्माआधीपासून दावा चालू होता. कोर्टानं कधीतरी 'जैसे थे' ठेवायला सांगितलं होतं. दोन्ही पक्षांनी बोळात पाय टाकायचा नाही. त्यामुळं आमच्या गावातली सगळ्यात सुरक्षित जागा ती होती. पुढं शाळा गेली, गिरणी गेली, बस गेली, देव गेला, पण बोळ जैसे थे. सीमेचा वाद म्हटलं की लोकांना दोन राज्यं आठवतात. मला ती मांजरं आठवतात.

नव्या गावठाणातल्या प्लॉटच्या चिठ्ठ्या देवळाच्या मंडपात निघाल्या. मी तेव्हा सुट्टीला आले होते आणि आईजवळ बायकांत बसले होते. आमच्या नावाची चिठ्ठी निघाली, कचेरीतून आलेल्या साहेबांनी नंबर वाचला. लगेच पुढची निघाली ती अण्णांची. नंबर आमच्या शेजारचा.

मंडपात हशा. आप्पा उठले. "सायेब, ही चिठ्ठी परत टाका."

"का हो?"

"ह्येच्या शेजारी जलम गेला माझा. आता न्हाय जमायचं."

अण्णाही उठले. "मीबी त्येच म्हणतोय. बदलून द्या."

मी पाहिलेलं हे त्या दोघांचं पहिलं एकमत. साहेबांना बरं वाटलं. ते म्हणाले, "मग सोपं आहे. दोघांनी मिळून एक अर्ज द्या, खाली दोघांच्या सह्या. मी अदलाबदल करून देतो."

दोघं मग एकमेकांकडं न बघता खाली बसले. घरी आल्यावर आप्पा म्हणाले, "त्याच्या सहीखाली माझी सही? मेलो तरी न्हाय." भिंतीपलीकडं अण्णांनी शेळीला कन्नडमधून हेच सांगितलं असावं, कारण आवाजाची पट्टी तीच होती.

आणि म्हणून दोघांनीही गाव सोडलं नाही. माळावर एकमेकांच्या शेजारी राहावं लागू नये म्हणून ते नदीकाठीच राहिले, एकमेकांच्या शेजारी.

बाकीचे गेले. घर नेलं म्हणजे काय नेलं? कौलं, वासे, दाराच्या चौकटी, खिडक्यांचे गज. उरल्या नुसत्या भिंती. त्या पावसात बसल्या. मग ती पांढरी माती लोकांनी ट्रॉल्या भरभरून रानात नेऊन विस्कटली, कारण पिकाला ती लई चांगली. दोन सालांत गाव उसात जाऊन बसलं.

आईनं पहिल्याच आठवड्यात भांडी टेम्पोत भरली. माझा भाऊ तिला न्यायला आला होता. आप्पा उंबऱ्यावर बसून बघत होते. आई म्हणाली, "तुमी बसा बोळ राखत. मला नळाचं पाणी पायजे." आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. त्यानंतर आप्पा जेवायला त्यांच्या जुन्या एम-एटी गाडीवरून माळावर जायचे आणि झोपायला जुन्या गावात परत यायचे. गाव ओसाड सोडायचं नाही म्हणे. खरं कारण एवढंच की आपण गेल्यावर अण्णा बोळात पाय टाकतील, याची त्यांना खात्री होती. अण्णांना आप्पांची तितकीच खात्री होती.

अण्णांची बायको आधीच वारली होती आणि मुलगा कोल्हापुरात नोकरीला. ते जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे, कांदा-बटाटा न खाणारे. आई रोज दोन पातेल्यांत उसळ करायची, एकात कांदा आणि एकात नाही. दूध न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हातून अण्णांचा डबा दुपारीच खाली जायचा. आप्पांना ते कळलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले. "शत्रूला रसद पोचवतीस व्हय?"

"शत्रू तुमचा हाय," आई म्हणाली. "माझा शेजारी हाय."

सुट्टीत मी खाली जाऊन आप्पांजवळ राहायची. दिवसभर उसातून वारा वाजायचा. शाळेची एक भिंत उभी होती. तिच्यावर आमच्या मास्तरांनी रंगवलेला नकाशा होता. पावसानं त्यातला समुद्र तेवढा शिल्लक ठेवला होता. मी त्या नकाशासमोर बसून शिकले आणि पुढं तोच विषय पोटापाण्याला आला. तिथं उभं राहून मला गलबलून यावं, अशी माझी अपेक्षा होती. तयारीनं गेले होते. पण नेमक्या वेळी आप्पांची म्हैस त्या भिंतीला अंग घासायला आली आणि अर्धा समुद्र पडला. मी तिला हाकलत राहिले आणि गलबलायचं राहून गेलं.

दोघं बोलत नव्हते, पण गप्पही नव्हते. आप्पा अंगणात उभे राहून म्हशीला मोठ्यानं म्हणायचे, "काय गं, काही लोकांच्या शेळ्या आमच्या मेथीत शिरल्या वाटतं सकाळी." थोड्या वेळानं पलीकडून अण्णांचा आवाज यायचा. ते शेळीशी एरवी कन्नडमधून बोलायचे, पण अशा वेळी मराठीतून, म्हणजे आप्पांना नीट कळावं. "ऐकलंस? काही लोकांना कुंपण घालता येत न्हाय आन् नाव तुझं." मी मध्ये बसून भाजी निवडायची. त्या जनावरांइतकं लक्ष देऊन आम्हा पोरांशी कुणी बोललं नव्हतं.

मग एक दिवस कॅमेरेवाली पोरं आली. ओसाड गावांतली भुतं शोधून त्यांचे व्हिडिओ टाकायचे, हा त्यांचा उद्योग. त्यांना आमच्या गावाचा पत्ता कुणी दिला, देव जाणे. टळटळीत दुपारी ती आली, कारण त्यांना संध्याकाळच्या आत निपाणीला परतायचं होतं. पडक्या भिंतींवरून कॅमेरा फिरवत, कुजबुजत ती पुढं सरकत होती, आणि एका वळणावर त्यांना बाजेवर बसून लसूण सोलणारे आप्पा दिसले. व्हिडिओत त्या जागी नुसती किंकाळी आणि आभाळ आहे.

सावरल्यावर एकानं विचारलं, "आजोबा, या गावात भूत आहे का?"

"हाय की," आप्पा म्हणाले. "एकच हाय. त्या दारात ऱ्हातंय."

पोरं घाबरत त्या दाराशी गेली. अण्णा पेपर वाचत होते. त्यांनाही तोच प्रश्न. अण्णांनी चष्म्यावरून बघितलं आणि आमच्या घराकडं बोट केलं. "त्ये काय. लसूण सोलत बसलंय."

तो व्हिडिओ लई चालला. आमच्या शाळेतही आला. मी वर्गात शिरले तर मागच्या बाकावर पोरं मोबाईलवर डोकी घालून बसलेली. शाळेत मोबाईल बंदी, म्हणून मी तो काढून घेतला, आणि पडद्यावर आप्पा. एक मुलगी धीर करून म्हणाली, "टीचर, ते भूत थोडं तुमच्यासारखं दिसतंय."

"माझे वडील आहेत," मी म्हटलं.

मग तीच मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे ते जिवंत आहेत?"

त्या दिवशी मी वस्त्यांचा धडा पुढं ढकलला.

आप्पा पडले ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात. पावसाआधी कौलं सारखी करायला ते छपरावर चढले होते. भाऊ माणूस पाठवतो म्हणाला होता, पण माणूस चुकून अण्णांच्या बाजूची कौलं हलवील, अशी आप्पांना शंका. वासा मोडला आणि ते घसरून खाली आले, ते थेट बोळात. खुब्याचं हाड मोडलं. उठता येईना. हे सगळं पुढं मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं, पण मधला संवाद दोघांच्या सांगण्यात अगदी सारखा आहे, म्हणून तो मी खरा मानते.

आवाज ऐकून अण्णा धावत आले आणि बोळाच्या तोंडाशी थांबले.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

आप्पा कण्हत होते.

"आधी सांग. मागनं कोर्टात म्हणशील, ह्यो बोळात शिरला म्हणून."

"न्हाय म्हणत. ये रं."

"आन् तू शिरलायस त्येचं काय?"

"मी शिरलो न्हाय. पडलोय."

अण्णांना ते पटलं. ते आडवे होऊन आत शिरले. कित्येक वर्षांत त्या बोळात माणसाचं पाऊल पडलं नव्हतं. त्यांनी आप्पांना काखेत धरून इंच इंच बाहेर ओढलं, सावलीत निजवलं, पाणी पाजलं आणि आईला फोन लावला. नंबर त्यांच्याकडं होताच, डब्यात मीठ जास्त झालं की ते आईला कळवत असत. भाऊ गाडी घेऊन येईपर्यंत ते आप्पांच्या उशाशी बसून होते. "काय बोललात तेवढा वेळ?" मी नंतर आप्पांना विचारलं. "काय बोलणार? माशा हाकलत हुता," आप्पा म्हणाले.

बेळगावात ऑपरेशन झालं आणि आप्पा अनगोळला माझ्या घरी आले. फ्लॅट पहिल्या मजल्यावर. वॉकर घेऊन खिडकीशी बसायचे आणि खालच्या रस्त्यावरच्या स्कूटर बघायचे. चार भिंतींच्या पलीकडं कोण राहतं हे त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, नक्की ठाऊक नाही, बँकेत आहेत बहुतेक. आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी भूगोल शिकवते हे त्यांना आज पहिल्यांदा खोटं वाटलं असावं.

एका रविवारी दारावरची बेल वाजली. अण्णा. स्वच्छ टोपी, हातात शेवग्याच्या शेंगांची पिशवी. दोन बस बदलून आले होते. आत आले, आप्पांसमोर खुर्चीवर बसले. मी चहा ठेवायला गेले आणि ओट्यापाशी कान लावून उभी राहिले.

"कवा येणार?" अण्णांनी विचारलं.

"डॉक्टर न्हाय म्हणतोय. माळावर ऱ्हावा म्हणतोय, लेकाजवळ."

"तारीख हाय पुढच्या म्हैन्यात."

"जा की तू. मी न्हाय आलो तर तुझ्यासारखा निकाल लागंल. बरंच हाय तुला."

"तसला नको मला," अण्णा म्हणाले. जरा चिडूनच म्हणाले. "तू न्हायस म्हणून मिळालेला बोळ घिऊन मी काय करू?"

चहा घेऊन ते लगेच उठले, कारण मावळायच्या आत घरी जाऊन जेवायचं होतं. मी आग्रह केला, कांदा न घालता करते म्हटलं. ते म्हणाले, "नको गं. तुझ्या आईचा डबा आलाय." जाताना आप्पांच्या वॉकरचा एक पाय वाकडा बसला होता तो सरळ करून गेले.

तारखेला भाऊ आप्पांना व्हीलचेअरवरून कोर्टात घेऊन गेला. मीही रजा टाकून गेले. तिथं वकिलांनी जे सांगितलं, ते ऐकून मला वाटलं आता आप्पा कोसळणार. दोन्ही पक्षांना माळावर प्लॉट मिळाले, तेव्हाच जुनी घरजागा सरकारजमा झाली होती. बोळही त्यातच. तो आता दोघांचाही नव्हता, आणि दावा त्यामुळं आपोआप निकाली निघाला होता. दोन घरांच्या दोन पिढ्या ज्यासाठी तारखांना आल्या, तो बोळ सरकारच्या एका कागदात, कुणाचं लक्षही नसताना, संपून गेला होता.

आप्पा पुढं वाकले. "म्हंजे ह्येचा न्हाय?"

"नाही," वकील म्हणाले.

"नक्की न्हाय?"

"नाही हो. सरकारचा."

आप्पा मागं टेकले. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला अण्णा त्यांच्या वकिलाला तोच प्रश्न तीनतीनदा विचारत होते. थोड्या वेळानं भाऊ आप्पांच्या सांगण्यावरून पेढे आणायला गेला, तर दुकानात अण्णांचा मुलगा आधीच उभा. दोन्ही पक्षांनी एकमेकांसमोर पेढे वाटले. आमचे वकील म्हणाले, दोन्हीकडचे जिंकलेत अशी केस त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

आप्पा डॉक्टरच्या सांगण्यावरून माळावर गेले आणि त्या पावसाळ्यात अण्णाही तिथं राहायला आले. शेजारच्या प्लॉटवर, चिठ्ठीत निघालेल्या. मध्ये सरकारनं आखलेली सिमेंटची गटार, मापात आणि कागदावर स्वच्छ. भांडायला त्यात काही नव्हतं. म्हशी आणि शेळ्या विकल्या होत्या, त्यामुळं मध्यस्थही उरला नव्हता. दोघं आपापल्या पायरीवर बसून समोरच्या माळाकडं बघायचे. पहिले काही दिवस तर आईला वाटलं की दोघांपैकी एकाला तरी आजार होणार. मग हळूहळू एक दिवस अण्णा म्हणाले की नळाला आज कमी दाब हाय, आणि आप्पा म्हणाले, व्हय. तिथून सुरू झालं. भांडण म्हणावं इतकं नाही आणि गप्पा म्हणाव्यात इतकंही नाही.

हे एवढंच चाललं असतं तर बरं झालं असतं. पण अण्णांना दम लागायला लागला आणि मुलानं त्यांना कोल्हापूरला नेलं, सातव्या मजल्यावर, लिफ्टच्या घरात. अण्णा जाताना आप्पा पायरीवरून उठले नाहीत. गाडी गेल्यावर आईला म्हणाले, "जेवायला वाढ." आई म्हणाली, अजून अकराच वाजलेत.

यंदा दिवाळीत मी माळावर गेले, तेव्हा आप्पांनी माझ्या हातात त्यांचा फोन दिला. "लाव जरा त्येला. मला ती बटणं दिसत न्हाईत."

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडून अण्णांचा आवाज आला, जरा बारीक झालेला. "कोण?"

"मी हाय," आप्पा ओरडले. दोघांनाही कमी ऐकू येतं.

"बोल."

आप्पा माझ्याकडं आणि फोनकडं बघत राहिले. त्यांच्या डोक्यात काहीतरी तयार होतं बहुतेक, पण समोरासमोर बोलायचीच सवय नव्हती, तर फोनवर कसं बोलणार? "ऊस तोडाय आले," ते शेवटी म्हणाले.

"कुणाचा?"

"नदीकाठचा. सगळाच."

"बरं," अण्णा म्हणाले. मग त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत आप्पा फोन हातात धरून बसले. खोकला थांबल्यावर अण्णा म्हणाले की तिकडचं पाणी जड आहे, पचत नाही. आप्पा म्हणाले, गार पिऊ नको. अण्णा म्हणाले, न्हाय पीत. आणि दोघांपैकी कुणीतरी फोन ठेवला. कोणी ठेवला ते मला कळलं नाही.

आई आतून विचारत होती, काय म्हणतात म्हणून.

"काय न्हाय," आप्पा म्हणाले आणि फोन सदऱ्याच्या खिशात घालून त्याचं बटण लावलं.